कडपा बांधीत, आम्ही धारला

धारच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात लोक मूर्ती पाहतात. मी दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन आभाळ पाहत होतो. आता धारचं आभाळ पाहून आमगावकडचं काय कळणार? पण पाहत होतो. निळंशार होतं, औषधाला ढग नाही, आणि त्याचाच मला राग येत होता.

धारला जायचं खूळ माझ्या बायकोचं. ती शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली. आम्ही जातीनं पोवार. आमचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून, धारकडून निघाले आणि वैनगंगेच्या या खोऱ्यात धान पिकवायला बसले, असं घरोघरी सांगतात. लग्नाच्या गाण्यात धार, देवीच्या नावात धार, भांडण झालं तरी एकमेकांना धारच ऐकवायची. पण धार प्रत्यक्ष पाहून आलेली माणसं गावात शोधली तर दोन-तीन निघतील. बायकोला ते फार खटकायचं. "पोरायले जनमभर इतिहास शिकवला, अन् सोताच्या डोळ्यानं एक दगड नाही पाहिला," असं ती म्हणायची. तिला तिथलं संग्रहालय पाहायचं होतं, शिलालेख पाहायचे होते, कालिकेच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. मला काय पाहायचं होतं? खरं सांगतो, काहीच नाही. मी तालुक्याच्या कचेरीत बाबू होतो, जुने कागद पाहून पाहून माझे डोळे गेले. मला तिकडचे दाल-बाफले खायचे होते, वरण आणि तुपात भिजवलेले कणकेचे गोळे. एका व्याह्यानं त्यांची इतकी तारीफ केली होती की तेवढ्यासाठी मी हो म्हटलं.

मुलगी पुण्याला असते. तिनं मोबाइलवरच तिकिटं काढून टाकली, दिवाळीनंतरच्या आठवड्याची. तिला काय माहीत दिवाळीनंतर आमच्याकडे काय असते ते. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान तेव्हाच कापायला येतो.

इथं मी जी चूक केली ती सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धान कापला की लगेच त्याचे भारे बांधत नाहीत. कापलेल्या मुठी बांधीतच, म्हणजे शेतातच, ओळीनं पसरून ठेवतात. त्यांना कडपा म्हणतात. दोन-चार दिवस ऊन खाऊन कडपा वाळल्या की भारे बांधायचे आणि उंच जागा पाहून एकावर एक रचून पुंजणा घालायचा. पुंजणा घातला, वर ताडपत्री टाकली, की माणूस मोकळा. पण कडपा बांधीत पडलेल्या असताना पाणी आलं तर संपलं. तीन दिवसांत दाण्याला कोंब फुटतो. मग तो धान ना घरच्या भाताचा, ना बाजाराचा.

"उभाच राहू द्या जी," बायको म्हणाली होती. "आठ दिवसांनं काही बिघडत नाही."

"उभा राहिला तर झडते," मी म्हटलं. "कापून ठेवतो. चार दिवस आपण तिकडे, चार दिवस कडपा उन्हात. आलो की भारे बांधतो. वेळ वाया कायले घालवायचा?"

"अन् पानी आलं तं?"

"दिवाळीनंतर कुठलं पानी आलं?"

तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं. तिला माहीत होतं कुठलं ते. मलाही माहीत होतं. दोन सालांपूर्वीच आलं होतं, दिवाळीनंतरच.

माझी बांधी आणि माझ्या मोठ्या भावाची बांधी लागून आहेत. मध्ये एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, त्यावर एक मोहाचं झाड. आमच्या बापानं वाटणी केली तेव्हा आम्हा दोघांना त्या मोहाखाली बसवून एकच गोष्ट सांगितली होती. जो गावात नसेल त्याची बांधी आधी. पाणी येवो, आग लागो, गुरं शिरोत, घरी असलेल्यानं आधी बाहेरगावी गेलेल्याचं उचलायचं, मग आपलं. घरचा माणूस आपलं कसंही वाचवतो, गेलेल्याचं कोण पाहणार? कागद नाही, सही नाही. बापाचा शब्द म्हणजे आमचा सातबारा. तीस-पस्तीस सालं आम्ही दोघांनी तो पाळला.

मग दोन सालांपूर्वी भाऊ त्याच्या पोरीच्या बाळंतपणाला रायपूरला गेला. वहिनी आधीच तिकडे होती. दोघांच्याही कडपा बांधीत. दुपारी आभाळ भरून आलं. हाताशी चार बाया होत्या आणि अर्धा दिवस. मी मोहाखाली उभा राहिलो, दोन्हीकडे पाहिलं आणि बायांना म्हटलं, "आधी माझ्याकडे या." मनात म्हटलं, आपलं पटकन आवरतो आणि मग भाऊचं घेतो. माझा शेवटचा भारा रचला आणि पाणी सुरू झालं ते तिसऱ्या दिवशी थांबलं. भाऊचं काहीच उचललं गेलं नाही.

तो आला तेव्हा मी धुऱ्यावरच होतो. त्यानं पाण्यातून एक कडप उचलली, कोंब पाहिले, परत ठेवली. मग माझ्या पुंजण्याकडे पाहून म्हणाला, "तुझ्या झाल्या ना? मंग ठीक आहे." बस. एवढंच. शिवी दिली असती तर मीही एक दिली असती, आणि सांजेपर्यंत मिटून गेलं असतं. तो नंतरही बोलत राहिला, पोळ्याला बोलावलं, दिवाळीला बोलावलं. मीच जाईनासा झालो. समोरून दिसला की मी रस्ता बदलायचो आणि घरी येऊन बायकोवर कारण नसताना डाफरायचो. आपलं चुकलं की माणूस असा चिडका होतो, हे मला या वयात कळलं.

तर अशा माणसानं धान कापून, कडपा पसरून, भावाला एका शब्दानं न सांगता धारचा रस्ता धरला.

गोंदियाहून नागपूर, नागपूरहून इंदूर, तिथून बस. धारला उतरलो तेव्हा दुपार होती. बसस्टँडबाहेर पोह्यांची गाडी होती. आमच्याकडे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात, घाम फुटला पाहिजे. इथं वर शेव, कसला तरी आंबटसर मसाला, आणि सोबत जलेबी. मी म्हटलं, "हा नाश्ता आहे का प्रसाद?" बायको गपगप खात होती. गाडीवाला कोणाला तरी विचारत होता, "कां जई रिया हो?" बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का जी? आपण 'जाऊन राहिलो' म्हणतो, हे 'जई रिया' म्हणतेत. आपलेच लोक आहेत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी मोबाइल काढून आमगावचं हवामान पाहत होतो. मोबाइलवर ढग आणि त्याखाली दोन थेंब दाखवत होते, दुसऱ्या दिवसावर.

तिथून माझं जे बिनसलं ते बिनसलंच.

दाल-बाफले त्याच सांजेला खाल्ले. ज्या जेवणासाठी मी एवढा दूर आलो, ते समोर आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हे तं आपले रोडगे." बायको म्हणाली, "रोडगे सरळ गोवरीत भाजतेत, हे आधी पान्यात उकडतेत." तिनं वाढणाऱ्या बाईलाच विचारून घेतलं होतं. बाई तुपाची वाटी घेऊन उभी होती. बाफले फोडायची, वर तूप सोडायची, आणि पुरे म्हटलं तरी थांबायची नाही. चांगलेच असतील. मला चव लागली नाही. मी घास घ्यायचो आणि मोबाइल उलटा-सुलटा करायचो. ढग तिथेच. बाईनं विचारलं, "बाबूजी को पसंद नी आया?" बायको म्हणाली, "इनका मन घर पे है." पहिल्यांदा तिनं माझ्याबद्दल काहीतरी खरं सांगितलं, आणि तेही हिंदीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. लाल दगडाचा, टेकाडावर, आणि आत संग्रहालय. बायकोनं तिथं गेल्याबरोबर पर्समधून चष्मा काढला, वही काढली. प्रत्येक मूर्तीसमोर थांबायची, खालची पाटी वाचायची, वहीत लिहायची. एकेका दगडाला पाच मिनिटं. मी पुढं जायचो, मागं यायचो, बाहेर जाऊन आभाळ पाहायचो. आत यायचो तर ती अजून त्याच मूर्तीपाशी.

"नाक तुटलं आहे," मी म्हटलं. "झालं. चल पुढं."

"तुम्ही बाहेर बसा ना जी."

बाहेरही बसवत नव्हतं. दारापाशी एक म्हातारा चौकीदार स्टुलावर बसला होता. त्यानं माझ्या चार-पाच चकरा मोजल्या असाव्यात.

"कहाँ से आए?"

"गोंदिया साइड."

"पंवार होंगे." मी मान हलवली. "बहुत आते हैं उधर से. कोई रोता है, कोई मिट्टी बाँध के ले जाता है. आप पहले हो जो मोबाइल में घुसे पड़े हो."

मला असा राग आला. म्हटलं, "खेत में धान कटा पड़ा है." म्हाताऱ्यानं एकदम तोंड सरळ केलं. "तो फिर यहाँ क्या कर रहे हो?" त्याच्याही घरी शेत असणार. मी परत आत गेलो.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्याकडं कापणीला येणाऱ्या बायांची जी पुढारीण आहे, तिचा फोन. मीच सकाळपासून तिला तीनदा लावला होता. मागं भोंग्याचा आवाज, गाणी.

"बाबूजी, कायले फोन लावून राहिले?"

"आभाळ कसं आहे तिकडं?"

"भरलं आहे ना. गार वारा सुटला आहे."

"मंग चार बाया घेऊन जा ना माझ्या बांधीत. भारे नाही बांधले तं निदान धुऱ्यावर उचलून टाका. काय लागंल ते देतो."

"आज कोन येते, बाबूजी? आज मंडई आहे." दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाव्हणे येतात, नाटकं लागतात. मंडईच्या दिवशी सोनं दिलं तरी कोणी बांधीत उतरत नाही. "तुमच्या भाऊले सांगा ना," ती म्हणाली. "थे घरीच आहेत." आणि भोंग्यात तिचा आवाज बुडाला.

मी बायकोजवळ गेलो. ती एका काचेच्या पेटीसमोर वाकली होती.

"तू वहिनीले फोन लाव."

तिनं न विचारता लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच.

"मंग भाऊले लाव."

"मी कशी लावू जी भासऱ्याले?" ती म्हणाली. आमच्यात लहान सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. समोर आला तर पदर पुढं घेते, काही सांगायचं असेल तर जावेकडून सांगते. हिनं जन्मभर वर्गात साठ-साठ पोरांना दम भरला, पण भासऱ्यासमोर आजवर तोंड उघडलं नाही. "तुमचा भाऊ आहे. तुम्हीच लावा."

"मी नाही लावत."

"काऊन?"

"कोणत्या तोंडानं लावू?" संग्रहालयात मी जरा मोठ्यानंच बोललो. दोन माणसांनी वळून पाहिलं. "त्याचं सडलं तेव्हा मी माझं उचललं. आता माझं पडलं आहे तं मी त्याले फोन करू? काय म्हणू? येऊन माझं उचल म्हणू?"

बायकोनं पेटीकडे बोट दाखवलं. आत तांब्याचा एक पत्रा होता, त्यावर बारीक कोरलेलं. "हे वाचा," ती म्हणाली. मला ती अक्षरं काय वाचता येणार? खाली पाटी होती. कोण्या राजानं कोणाला तरी शेत दान दिल्याचा तो लेख. कचेरीत मी असले किती कागद पाहिले, फक्त ते कागदावर होते. शेत कुठं आहे हे सांगायला चारी बाजू लिहिल्या होत्या. पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला, उत्तरेला तमक्याचं. राजाचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही. बाजूवाल्यांचं मात्र डोक्यात बसलं. माझ्या सातबाऱ्याला चतुःसीमा लिहायची झाली तर पूर्वेला भाऊ. दुसरं कोणाचं नाव तिथं येऊच शकत नाही.

मी बाहेर आलो, चौकीदाराच्या पुढून पार तटापर्यंत गेलो, आणि भाऊचा नंबर लावला. दोन सालांत पहिल्यांदा. मनात वाक्य तयार केलं होतं: भाऊ, माझ्या कडपा बांधीत पडल्या आहेत. तेवढंच म्हणणार होतो, पुढचं त्याला कळलं असतं.

घंटी वाजत राहिली. उचलला नाही. परत लावला. परत नाही. तिसऱ्यांदा मी पूर्ण वाजू दिला, अगदी कंपनीच्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येईपर्यंत.

मी समजलो. माझं नाव पाहूनच ठेवला असणार. वहिनीनंही म्हणूनच नाही उचलला. बरोबरच आहे, मी तरी उचलला असता का? हे मनात म्हटलं आणि दुसऱ्याच क्षणी असा संताप आला की मोबाइल तटावरून खाली भिरकावणार होतो. सख्खा भाऊ. बापाचा शब्द मोडला मी एकदा, आणि यानं लक्षात ठेवला. ठेवू दे. घरी गेल्यावर धुऱ्यावर काट्याचं कुंपणच घालतो. असं काय काय ठरवलं. दहा मिनिटांनी परत एकदा लावला. या वेळेस फोन बंदच लागला.

दुपारी त्या पुढारणीचा फोन आला. "पानी आला, बाबूजी. मंडई उठली." झालं.

पुढचे दोन दिवस बायकोनं मला धरून धरून फिरवलं. धारमध्ये एक लोखंडाचा प्रचंड खांब आहे, तीन तुकडे होऊन पडलेला. तिनं हात लावून पाहिला, म्हणाली, "इतक्या सालांत गंजला नाही." मी म्हटलं, "माझा धान सडून राहिला आणि तू लोखंड पाहून राहिली." ती उठून चालायला लागली. मग मला वाईट वाटलं. कालिकेच्या देवळात, तळ्याकाठच्या टेकडीवर, ती बराच वेळ हात जोडून उभी होती. मी पण उभा राहिलो. धान वाचव म्हणायचं तोंडावर आलं आणि गिळलं. त्या सालच्या भाऊच्या धानासाठी मी कुठल्या देवापुढं उभा राहिलो होतो?

निघताना तिनं बाफल्यांचे दोन पुडे बांधून घेतले.

"दोन कायले?"

"एक जाऊबाईकडे."

"काही गरज नाही."

"विचारलं नाही मी तुम्हाले," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. तुमसर गेलं तसं बांध्यांत पाणी दिसायला लागलं. जागोजागी कडपा पाण्यात, वर ऊन पडलेलं, म्हणजे पाणी थांबून एखादाच दिवस झाला होता. दर बांधीत कोणी ना कोणी वाकलेलं. मी मोजणं सोडून दिलं. आमगावला उतरलो तसा मी बायकोला म्हटलं, "तू घरी जा. मी बांधीत जाऊन येतो." ती म्हणाली, "मी पण येते." बॅगांसकट ऑटोनं गावाच्या बाहेरच उतरलो.

मोहाचं झाड दिसलं. त्याखाली, धुऱ्याच्या उंच अंगाला, पुंजणा घातलेला होता. नीट रचलेला, कणसं आत, बुडखे बाहेर, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. ती ताडपत्री मी ओळखली. भाऊची होती, तिला कोपऱ्यात ठिगळ आहे. मी मनात म्हटलं, यानं आपलं उचललं, ठीक आहे. मग माझ्या बांधीकडं पाहिलं. रिकामी होती. नुसती कापलेली खुंटं आणि खुंटांत साचलेलं पाणी. एक कडप नाही.

धुऱ्याच्या पलीकडं भाऊच्या बांधीत घोट्याएवढं पाणी होतं. त्या पाण्यात कडपा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊ आणि वहिनी वाकून एकेक उचलून धुऱ्यावर टाकत होते. उचलली की पाणी गळत होतं.

मी तसाच उभा राहिलो. वहिनीनं आधी पाहिलं. "आले वो पाव्हणे," ती म्हणाली. "फोन लावला असंल ना तुम्ही? लाईनच नाही गावात तीन दिवस, मोबाइल मेले. त्या दिवशी तं आम्ही दिवसभर बांधीतच होतो. फोन घरी ठेवून आलो, पान्यात कोन नेते?"

भाऊनं कंबर सरळ केली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाकला.

"भाऊ," मी म्हटलं. "माझ्या कोणी उचलल्या?"

"कोन उचलते? आम्ही दोघं."

"अन् तुझ्या काऊन ठेवल्या?"

"तू गावात नव्हतास ना गा," तो म्हणाला. जसं काही मी त्याला दिवस कुठून उगवते ते विचारलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. येऊ दिलं. साठी उलटलेल्या माणसानं बांधीत उभं राहून रडावं की नाही, ते ज्याचं त्यानं पाहावं. म्हटलं, "त्या साली माझं चुकलं, भाऊ."

"चुकलंच होतं," भाऊ म्हणाला. आणखी एक कडप उचलून धुऱ्यावर टाकली. "धारला गेल्ता म्हणते. काय पाहून आलास, सांग ना. आपला बाप धार-धार करत मेला."

चार दिवसांत मी ढग पाहिले, मोबाइल पाहिला आणि बायकोशी भांडलो. "मी काही नाही पाहिलो," म्हटलं. "हिनं पाहिलं."

बायकोनं पदर कपाळापर्यंत ओढला, धुऱ्यावर बूड टेकवलं, पर्समधून वही काढली. आणि वहिनीकडं तोंड करून, पण पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, वर्गात सांगतात तसं सांगू लागली. किल्ल्याचा दगड कसा लाल आहे. मूर्तींची नाकं कशी तुटली आहेत पण बोटांतल्या अंगठ्या दिसतात. लोखंडाचा खांब गंजत का नाही. कालिकेच्या डोंगरावरून तळं कसं दिसतं. तिथली माणसं "जई रिया" म्हणतात. मी तिच्याबरोबर चार दिवस होतो, यातलं बरंचसं मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. भाऊचे हात चालूच होते, पण त्याचा कान तिकडंच होता. मधूनच थांबायचा, मग उचलायचा. तांब्याच्या पत्र्यापाशी ती आली तेव्हा तो पूर्णच थांबला.

"तिले विचार," तो वहिनीला म्हणाला, "शेताच्या बाजूले कोन कोन आहे ते सारं लिहून होतं म्हणते ना?"

"होतं," बायको वहिनीला म्हणाली.

"अन् बाजूवाल्यानं काय करावं, ते लिहून होतं का?"

बायकोनं वहीची दोन पानं मागं-पुढं केली. "नाही," ती म्हणाली. "ते काही नव्हतं."

"मंग आपला बाप त्या राजाच्या वर होता," भाऊ म्हणाला. "बाफले आणले का नाही? भूक लागली आहे."

वहिनीनं हात धुतले आणि पुडा सोडला. बाफले दोन दिवसांत दगड झाले होते. भाऊनं एक गुडघ्यावर आपटून फोडला, अर्धा मला दिला. "हे तं रोडगे," तो म्हणाला. मी सांगितलं की हे आधी पाण्यात उकडतात. चावताना दात दुखत होते, पण त्या वेळेस मला पहिल्यांदा त्यांची चव लागली.

खाऊन झाल्यावर मी चपला मोहाखाली काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भाऊच्या बांधीत उतरलो. पाणी गार होतं. पहिली कडप उचलली आणि कणसं तळहातावर घेऊन पाहिली. प्रत्येक दाण्याला नखाएवढा पांढरा कोंब आला होता.